कुत्र्याची गादी मऊ नको, वाळणारी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीत ताडपत्री, छत्र्या आणि सुक्या मासळीच्या जोडीला हल्ली घरच्या कुत्र्याची गादीही येऊ लागली आहे. बहुतेक जण घेतात ती गोल, उंच काठाची, लोकरीसारख्या केसाळ कापडाची आणि आत पॉलिएस्टरचा फायबर भरलेली. थंड, कोरड्या हवेत ती उत्तम. किनारपट्टीवर मात्र जूनमध्ये भिजलेली ही गादी गणपतीपर्यंत धड वाळत नाही. म्हणून कोकणात गादी निवडताना पहिला प्रश्न ‘किती मऊ?’ हा नसून ‘किती वेळात वाळेल?’ हा असावा.

पावसाळ्यात लादीला घाम येतो. गार लादीवर दमट हवेतले पाणी साचते आणि ते गादी खालून शोषून घेते. वरून हात फिरवला तर गादी कोरडी लागते. उलटी केली की तळाला बुरशीचे काळे ठिपके दिसतात. कुत्रा अशा ओलीवर रोज सात-आठ तास पोट टेकून झोपला की जांघेत, पंजांच्या बोटांमध्ये आणि कानात बुरशीचा संसर्ग वाढायला वेळ लागत नाही. सतत पंजे चाटणे आणि अंगाला आंबूस वास येणे ही त्याची लक्षणे. आपण मलम बदलत राहतो, गादी तीच असते.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे जमिनीपासून सहा इंच उंच, नायलॉनच्या नवारीची छोटी खाट. खालून वारा खेळतो आणि केरसुणीही फिरते. केरसुणी फिरत नसेल तर ती उंची कमी समजावी. सांगाडा साध्या लोखंडाचा नको. खाऱ्या हवेत जोडाजवळ गंज धरतो आणि पापुद्रे सुटून पंजाला लागतात. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किंवा सव्वा इंची जाड पीव्हीसी पाइप चालतो. पीव्हीसीला मोठ्या कुत्र्यासाठी मधोमध एक आडवा पाइप आणि त्याखाली जादा पाय द्यावा, नाहीतर सांगाडा वाकतो. पायांना रबरी टोप्या घालाव्यात. नवार सैल पडते, ती अधूनमधून ताणून घ्यावी. झोळ पडला की म्हाताऱ्या कुत्र्याला उठणे जड जाते. लाकडी खाट दिसते छान, पण तिच्या सांध्यांत गोचीड लपतात.

माप कुत्रा आडवा पसरून झोपलेला असताना घ्यावे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत १५ ते २० सेंमी मिळवले की गादीची लांबी मिळते. लॅब्राडोरला साधारण साडेतीन फूट बाय अडीच फूट लागते, गावठी कुत्र्याला त्याहून लहान पुरते. कुत्रा मुटकुळे करून झोपतो म्हणून लहान गादी घेऊ नये. मे महिन्याच्या उकाड्यात तोच कुत्रा पाय ताणून झोपणार आहे.

भारी अंगाच्या आणि वयस्कर कुत्र्याला नुसती नवार पुरत नाही, वर फोम लागतो. लादीवर झोपून झोपून अशा कुत्र्यांच्या कोपरांना घट्टे पडतात, कधी तिथे पाण्याची गाठही होते. फोम गादीवाल्याकडून ४० डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला ४० किलो वजनाचा), तीन ते चार इंच जाड, मापाने कापून घ्यावा. तळहाताने पूर्ण भार देऊन दाबला असता खालचा टणकपणा हाताला लागला, तर तो फोम त्या कुत्र्याला पातळ. मेमरी फोम उष्णतेने आणखी मऊ होतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो; उकाड्यात कुत्रा त्यावरून उठून लादीवर जाऊन पडतो. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द पाहून जास्त पैसे मोजू नयेत, जाडी आणि डेन्सिटी विचारावी. कापसाची गादी तर इथे नकोच.

फोमला आत पाणी न शिरणारे पातळ कव्हर आणि वर सुती अभ्रा, असे दोन थर हवेत. रेक्झिन थेट अंगाखाली आले की घाम धरते. अभ्रे दोन नव्हे, तीन शिवून घ्यावेत: एक गादीवर, एक दोरीवर, एक कपाटात. मुसळधार पावसात दोरीवरचा अभ्रा दोन दिवस दमटच राहतो.

आता गोचीड. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. जांभ्याच्या भिंतीची भोके तिला आयतीच मिळतात. म्हणून खाट भिंतीपासून हातभर लांब ठेवावी आणि गिलावा नसलेल्या भिंतीची भोके सिमेंटने बुजवावीत. पिसवांची अंडी मात्र थेट अंथरुणातच पडतात. त्यामुळे अभ्रा पांढरा किंवा फिका असलेला बरा. त्यावरचे काळे कण ओल्या कापसावर टिपावेत. कापूस तांबूस झाला तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा. अभ्रा आठवड्याला कढत पाण्यात धुवावा आणि वाळल्यावर शिवणींवरून गरम इस्त्री फिरवावी. अंड्या-पिलांचा मुक्काम बहुतेक शिवणीतच असतो. कडुनिंबाचा पाला अंथरल्याने गोचीड मरत नाहीत.

आंबा-काजूच्या फवारणीतले उरलेले औषध गादीवर मारण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती तातडीने बंद व्हावी. कुत्रा अंग चाटतो आणि औषध पोटात जाते. तोंडाला लाळ आणि फेस, मग थरथर, मग झटके. डांबरगोळ्याही गादीत ठेवू नयेत, त्या कुत्र्याला विषारीच आहेत. गोचिडांचे औषध कुत्र्याचे वजन सांगून पशुवैद्यकाकडूनच घ्यावे.

पिल्लाचे दात बदलेपर्यंत, म्हणजे सहा-सात महिने, फोमवर पैसे घालवू नयेत. ते फोम कुरतडते आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकतो. तोवर जुन्या लुगड्याची घट्ट शिवलेली वाकळ पुरे. तिचा दोरा लोंबू लागला की कापून टाकावा. व्यालेल्या कुत्रीला मऊ, घड्या पडणारे अंथरूण देऊ नये, त्यात पिल्ले सापडून गुदमरतात. सपाट पसरलेली वर्तमानपत्रे आणि वर ताणून बसवलेली जुनी चादर बरी. (आपल्या अंकाचा हा उपयोग आपण मनावर घेणार नाही, अशी आशा आहे.)

राहता राहिली जागा. पागोळ्यांचे शिंतोडे येतात ती पडवीची कड टाळावी. रचलेली लाकडे, सोडणे (नारळाची सोललेली साले) आणि नारळाच्या झावळ्या यांच्या आडोशाला गादी नको. तिथे फुरसे आणि विंचू असतात. रानालगतच्या वाड्यांत बिबट्या पडवीतला कुत्रा उचलतो. तिथे रात्री खाट दाराच्या आत घ्यावी, आणि त्यासाठी ती एका माणसाला उचलता येईल एवढीच जड करून घ्यावी.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी