आधी तारखा लिहून काढ

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवल्यापासून डोळ्याला डोळा नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परत आलीस तर प्रोजेक्ट काढून घेतलं, बढती तुझ्या हाताखालच्या मुलाला दिली, आणि वर साहेब म्हणतो, "तुझ्यावरचा ताण कमी केला." केस करणार म्हणालीस. कर, मी पाठीशी आहे. पण आज रात्रीच बसून सगळं लिहून काढ. कोणत्या दिवशी, कोण, नेमकं काय बोललं, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, घरच्या वहीत.

हे मी सोसलंय म्हणून सांगते. तू आठ महिन्यांची होतीस. सेवाज्येष्ठता माझी होती आणि जागा दुसऱ्याला मिळाली. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला, 'सध्या मला जास्तीची जबाबदारी नको' अशा मजकुराचा. माझं पेन उठेना, तर त्यांनी खिशातलं काढून दिलं. मी सही केली. दोन वर्षांनी भांडायला उभी राहिले तेव्हा त्यांच्याकडे माझी सही होती, माझ्याकडे एक चिठोरंही नव्हतं. म्हणून सांगते, वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नकोस. नोकरी सोडताना जादा पैसे देऊ करतात, त्या कागदात बहुतेक वेळा दावा सोडल्याचं कलम असतं.

तुमच्या अमेरिकेतला कायदा मी वाचून काढला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात गरोदरपणावरून होणारा भेदभाव १९७८ पासून स्पष्टपणे धरलाय. पण त्याखाली थेट कोर्टात जाता येत नाही, आधी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करावी लागते. मुदत १८० दिवस, राज्याची स्वतःची तशी यंत्रणा असेल तर ३००. एचआरची चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही, आणि नेमकी इथेच माणसं फसतात. पुढे आयोगाची नोटीस आली की दावा लावायला फक्त ९० दिवस.

लिली लेडबेटर टायरच्या कारखान्यात होती. बरोबरीच्या पुरुषांपेक्षा आपला पगार कमी आहे हे तिला निनावी चिठ्ठीतून कळलं. ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला, पण २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तक्रार उशिरा केली म्हणून तिला हरवलं. २००९ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, तिच्या हाती मात्र काही लागलं नाही. खरं असूनही हरली गं ती!

रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस. तुझ्या कामाचं कौतुक केलेले मेल, अप्रेझलचे कागद सांभाळून ठेव. कंपनीच्या गोपनीय फायलींना हात लावू नकोस, ते तुझ्यावरच उलटेल. तक्रारीनंतर कोणी त्रास दिला तर तो सूडही वेगळा कायदेभंग धरतात, त्याचीही तारीख टाक.

पहिलं पान लिहून झालं की नुसतं 'झालं' एवढा मेसेज कर. मी जागी आहे.

तुझी,
आई