मुक्ताचं तिकीट

प्रिय दिग्या,

सहा महिने तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. माझी शुगर आहे तिथेच, सुनंदाची पाठ आहे तशीच.

मुक्ताला नैरोबीला नोकरी लागली. ऑफिसने काढलेलं तिकीट इथिओपियन एअरलाइन्सचं आहे. मुंबई ते अदिस अबाबा, तिथे विमान बदलून नैरोबी. म्हणजे तोच टप्पा, दिग्या. १० मार्च २०१९, अदिसहून उडाल्यावर सहा मिनिटांत खाली, १५७ माणसं. बाकी कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारा झालास. तू तसं म्हणणार नाहीस. त्याहून वाईट काहीतरी म्हणशील.

मी मुक्ताला म्हटलं, मुंबईहून थेट विमान आहे, वरचे पैसे मी भरतो. ती म्हणाली, "बाबा, युरोपातल्या कंपनीचं तिकीट असतं तर तू हे बोलला असतास?" त्यानंतर आमच्यात 'मीठ दे' एवढाच संवाद आहे.

म्हणून रात्री वाचत बसतो. तिला खोटं पाडायला सुरुवात केली आणि पंचाईत झाली, कारण कंपनी चांगली निघाली. १९४५ ची स्थापना, पहिलं उड्डाण ८ एप्रिल १९४६ ला कैरोला, महायुद्धातल्या जुन्या डकोटा जातीच्या विमानाने. पुढे सम्राट गेला, लष्कर आलं, तेही गेलं. कंपनी सरकारचीच राहिली आणि आज आफ्रिकेत सगळ्यात मोठी आहे. तेवढ्या काळात आपल्या महाराजाने, म्हणजे एअर इंडियाने, दोनदा मालक बदलले. तुझ्या जिवाला लागेल, पण खरं आहे.

अपघात आहेतच. १९८८ मध्ये इथिओपियातल्याच बाहिर दारला कबुतरं दोन्ही इंजिनांत घुसली, १०४ पैकी ३५ गेले. कबुतरं! तुझ्या बाबांनी जन्मभर दादरला कबुतरांना दाणे टाकले, ते आठवलं. आणि २०१४ चा किस्सा तुला ठाऊक असेलच. कॅप्टन लघवीला गेला, सहवैमानिकाने आतून कडी लावली आणि रोमचं विमान जिनिव्हाला नेऊन आश्रय मागितला. स्वतः दोर टाकून कॉकपिटच्या खिडकीतून उतरला. सगळे २०२ सुखरूप. स्वित्झर्लंडची लढाऊ विमानं मात्र उडालीच नाहीत, ऑफिस उघडायचं होतं! आपला तलाठी उगाच बदनाम आहे.

२०१९ चं वाचताना हसू येत नाही. एका सेन्सरने चुकीचं सांगितलं आणि सॉफ्टवेअर विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिलं. कॅप्टन २९ वर्षांचा, सहवैमानिक २५ चा. बोइंगचं त्याच जातीचं विमान पाचच महिन्यांपूर्वी इंडोनेशियात पडलं होतं, १८९ माणसं. तरी आधी बोट कुठे गेलं? वैमानिकांच्या प्रशिक्षणाकडे. इथिओपियाने ब्लॅक बॉक्स अमेरिकेला न देता पॅरिसला पाठवले, ते मला आवडलं. बोइंगने जबाबदारी मान्य केली ती २०२१ मध्ये. आणि मी, डोंबिवलीत बसून, मुलीचं तिकीट बघून त्याच बाजूला बोट दाखवलं. मुक्ताचं बरोबर होतं. पण बरोबर आहे म्हणून झोप लागते असं नाही.

खरा विषय १९९६ चा. तुझ्या खोलीवरचा तो टीव्ही. इथिओपियनचंच विमान पळवणाऱ्या तिघांना ऑस्ट्रेलियाला जायचं होतं, विमानातल्याच मासिकात वाचलं होतं की हे विमान तेवढं लांब जातं. कॅप्टन लेउल अबाते सांगत राहिला की इंधन नाही. त्या माणसाचं हे तिसरं अपहरण! शेवटी इंजिनं बंद पडली आणि कोमोरोस बेटांच्या किनाऱ्याजवळ, हॉटेलासमोर, त्याने ते समुद्रात उतरवलं. १७५ पैकी ५० वाचले. तू चहा फुंकत म्हणालास, "लाइफ जॅकेट आतच फुगवलं लोकांनी, मग पाणी भरल्यावर छताला चिकटले. नियम वाचत नाहीत." मी तुला राक्षस म्हणालो, महिनाभर बोललो नाही. शेवटी बापूने आपल्याला एका ताटावर बसवलं. मला वाटलं होतं तू मेलेल्यांना मूर्ख म्हणतोयस. तू हँगरमधला माणूस, स्पॅनर कुठे ठेवला यावरही तसंच बोलायचास, हे तेव्हा कळलं नाही.

वहिनींच्या गुडघ्याचं ठरलं का? नातवाचे फोटो पाहिले, नाक तुझं आहे, बिचारा. नाशिकचा फ्लॅट विकू नकोस एवढ्यात, सविस्तर बोलू.

बुधवारी रात्री साडेअकराला सहारला निघतोय. गाडीत मागे बॅगांशेजारी एक माणूस मावतो. तू ये. आणि तिला ते सांग, तुझ्याच त्या रुक्ष आवाजात: पाण्यात उतरलं तर जॅकेट अंगात घालायचं, पण दोरी ओढायची ती दाराबाहेर पडताना. माझ्या तोंडून ती ऐकून घेणार नाही, आणि माझ्याच्याने बोलवणारही नाही.

तुझा,
विज्या