व्हीपी सोडवणाऱ्या म्हातारीसाठी : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोकणातला निवृत्त पोस्टमन. मनीऑर्डरी, राखीची पाकिटं, नोकरीची कॉल लेटरं, सगळं या हातांनी दिलं. काही पार्सलं दिली ती मात्र अजून मनाला लागून आहेत.

आमच्या वाडीतल्या एका म्हातारीने धनलक्ष्मी यंत्राची व्हीपी, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवायचं पार्सल, सोडवली. मुलाची मुंबईतली नोकरी गेली होती. काजूबिया विकून आलेले पैसे तिने तांदळाच्या डब्यातून काढून माझ्या हातावर मोजले. पैसे भरल्याशिवाय पार्सल फोडता येत नाही, त्यामुळे आत काय आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. निघाला पिवळा पत्रा, त्यावर रेघोट्या, सोबत काळा दोरा. खरी लूट पुढेच होती. फोन आला, यंत्र अजून सिद्ध झालेलं नाही, पूजेचे पैसे पाठवा, नाहीतर उलटेल. तिने पाठवले. पुन्हा पाठवले. मला सांगितलं चार महिन्यांनी, तेही हळू आवाजात. आपण शंका घेतली तर देव कोपेल, याची तिला पैशांपेक्षा जास्त धास्ती होती.

तिला अडाणी म्हणणारे भेटतात तेव्हा मला संताप येतो. खरा प्रसादही टपालानेच येतो. शबरीमलाचा प्रसाद २०२० पासून स्पीड पोस्टाने घरपोच मिळतो. म्हणजे तिने विश्वास ठेवला तो देवावर आणि खाकी पिशवीवर. दोन्ही विश्वास जपण्यासारखेच होते.

जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हनुमान चालिसा यंत्राच्या टीव्ही जाहिराती बेकायदा ठरवल्या. देवाचं नाव लावून, चमत्कारी गुण सांगून वस्तू विकणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं, असं न्यायालय म्हणालं. याच कायद्यासाठी झगडताना डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मग जे पडद्यावर दाखवणं गुन्हा आहे, तेच पार्सलातून उंबऱ्यापर्यंत का यावं?

१८९८ च्या टपाल कायद्यात व्हीपीबद्दल शहाणपणाच्या दोन गोष्टी होत्या. वस्तू खऱ्या मागणीवरूनच पाठवतो आहे, असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेता येई. आणि फसवणूक असेल तर वसूल रक्कम रोखून ती घेणाऱ्याला परत देण्याचे नियम सरकारला करता येत. माझ्या वाडीत हे कुणालाच माहीत नव्हतं. आता २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू आहे. त्याखालीही फसलेल्याला पैसे परत मागण्याचा हक्क द्या आणि तो प्रत्येक पावतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा. देवाधर्माच्या नावाने येणाऱ्या पार्सलची रक्कम पंधरा दिवस पाठवणाऱ्याला देऊ नका. पैसे देण्याआधी पोस्टमनसमोर पार्सल उघडू द्या; ते व्हीपी असो की कॅश ऑन डिलिव्हरी. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, हे पार्सल घेतानाच तपासा.

ती म्हातारी आता नाही. परवा तिच्या सुनेच्या नावाने तसंच एक पार्सल आलं. नव्या पोस्टमनने वाटेत थांबून मला विचारलं, "काका, देऊ का?" नियमाप्रमाणे त्याला ते द्यावंच लागलं.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन