थ्रॉटलवरचा हात

हॅम्बल, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

शर्यतीच्या मोटरबोटीवर नॅव्हिगेटरची सीट मिळतेय तर घे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना "बाबा शेवटी नको म्हणणार" अशी धाकधूक नको. फोनवर तू बोटीबद्दल भरभरून सांगितलंस. लांबी किती, इंजिनं कोणती, तळ कुणी आखला, मागच्या मोसमात वेग किती मिळाला. थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरवर, कोण असतं, हे मात्र तुझ्या बोलण्यात कुठेच आलं नाही. मला नेमकं तेच विचारायचं होतं, आणि ते फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

जिन्यातल्या फोटोत आम्ही तिघं उभे आहोत. उभेच असायचो. आमच्या वर्गातल्या बोटींना तेव्हा बसायच्या सीट नसत. कमरेला तीन बाजूंनी धरून ठेवणारी जाड गादी असे आणि गुडघे वाकवून धक्के झेलायचे. मधला स्टिअरिंगवरचा, तो मालक. डावीकडे चार्टची, म्हणजे समुद्राच्या नकाशाची, पाटी छातीशी धरलेला मी. उजवीकडे चेहरा अर्धा झाकलेला, तो थ्रॉटलवाला. घरी आलेले पाहुणे फोटो बघून विचारतात, बोट चालवतंय कोण? दिशा ड्रायव्हरची, वाट नॅव्हिगेटरची. पण बोट हवेत किती वेळ राहणार आणि पाण्यावर परत कशी उतरणार, हे त्या उजवीकडच्या माणसाच्या हातात असतं.

ते काम मी कित्येक मोसम शेजारी उभं राहून पाहिलं. समोरून लाट येते, बोट तिच्यावर चढते आणि माथ्यावरून सुटते. बोट ढकलणारे मागचे पंखे पाण्याबाहेर आले की त्यांच्यावर भारच उरत नाही, इंजिनाचा आवाज एकदम चढतो. त्याच क्षणी हात मागे यायला हवा. नाही आला तर इंजिन नको तितकं फिरतं, आणि तसे गरगरणारे पंखे पाण्यावर आपटले की गिअर तरी तुटतो, नाहीतर शाफ्ट तरी. बरं, थ्रॉटल पुरता बंद करूनही भागत नाही. मग उतरताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली जाते आणि बोट पुढच्या लाटेत तोंड खुपसते. म्हणून पाणी लागायच्या अगदी जरासं आधी हात पुन्हा पुढे. एका मिनिटात हे कितीतरी वेळा, आणि दर वेळी लाट निराळी.

आमचा थ्रॉटलवाला ब्रिक्सहॅम या मासेमारी बंदरातला, वडिलांच्या ट्रॉलरवर वाढलेला. तो लिव्हर कधी मुठीत आवळायचा नाही. तळवा वर टेकलेला, मनगट सैल, कोपर बरगडीला लावलेलं, म्हणजे बोट आपटली तरी हात आपोआप पुढे ढकलला जाऊ नये. नजर समोरच्या लाटेवर नसायची, तिच्यामागच्या तिसऱ्या-चौथ्या लाटेवर असायची. मीटरकडे तो क्वचितच बघायचा. इंजिनाचे फेरे त्याला कानाने कळायचे. शर्यतीत आम्ही तिघं हेडफोनवर बोलायचो, पण त्याच्या तोंडून "होल्ड" आणि "मोठी" यांपलीकडे शब्द निघाल्याचं मला आठवत नाही. त्याच्यामुळे आम्ही मोडक्या गिअरनिशी टो होऊन परत आलो असं फार कमी वेळा झालं, आणि त्या काळी निम्म्या बोटी वाटेतच मोडायच्या, तेव्हा शेवटपर्यंत टिकणं हीच मोठी कमाई होती.

समुद्री मोटरबोट शर्यतींच्या सगळ्यात वरच्या गटात, वर्ग एकमध्ये, आठ वेळा जगज्जेता झालेला ब्रिटिश माणूस, स्टीव्ह कर्टिस, हा थ्रॉटलवरचाच. नॉर्वेच्या ब्यॉर्न येल्स्टनबरोबर त्याने स्पिरिट ऑफ नॉर्वेमधून विजेतेपदं घेतली. स्टिअरिंग येल्स्टनच्या हातात, थ्रॉटल याच्या. वर्तमानपत्रं फोटो छापतात ते बोटीचे. या खेळातली माणसं मात्र विचारतात, थ्रॉटलवर कोण होतं?

कानाने इंजिन ओळखणं मला नवं नव्हतं. तुझे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचवर इंजिन सांभाळायचे. वरून तांडेलाने घंटी मारली की ते डिझेल खाली-वर करायचे. त्यांना समुद्र दिसायचाही नाही, तळाशी बसून फक्त आवाज आणि हेलकावा. पाणी कसं आहे हे मात्र ते वरच्या तांडेलाइतकंच बिनचूक सांगायचे. ब्रिक्सहॅमचा हा माणूस पहिल्यांदा भेटला तेव्हा मला आजोबाच आठवले. दोघांची भेट झाली असती तर भाषेवाचून काही अडलं नसतं.

तळ कुणी आखला हे तू इतक्या अभिमानाने सांगितलंस म्हणून आणखी एक सांगतो, कारण हे तुला माहीत असायलाच हवं. आज ज्या खोल व्ही आकाराच्या तळावर तुम्ही सगळे धावता, त्याचं नाव झालं १९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीत. रेमंड हंट यांनी आखलेली 'मॉपी' नावाची ३१ फुटी बोट खवळलेल्या समुद्रातून आठ तासांत नासाऊला पोचली. नाळेपासून पार मागच्या टोकापर्यंत तळ तसाच खोल ठेवला तर बोट लाट कापत जाते, सपाट तळासारखी तिच्यावर आदळत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, सर मॅक्स एटकिन यांनी 'डेली एक्स्प्रेस' या वर्तमानपत्राच्या बळावर आपल्या इथे इंग्लंडमध्ये, आइल ऑफ वाइटवरच्या काउझहून टॉर्कीला जाणारी, काउझ–टॉर्की शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी टॉमी सॉपविथ 'थंडरबोल्ट'मधून जिंकले.

आणि आता आपल्या मुंबईचं. रेनाटो लेवी, सगळे त्यांना सनी म्हणत. जन्म १९२६ चा, कराचीचा. त्यांच्या वडिलांचा मुंबईत फर्निचरचा कारखाना होता, आणि सनींनी आपल्या पहिल्या वेगवान बोटी तिथेच बांधल्या. पुढे ते इटलीला गेले. त्यांनी आखलेल्या 'आ स्पेरान्झिएला'ने १९६३ मध्ये काउझ–टॉर्की जिंकली, 'सरफ्युरी'ने १९६७ मध्ये. १९८६ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन यांनी ज्या बोटीतून ३ दिवस ८ तास ३१ मिनिटांत अटलांटिक ओलांडला, ती 'व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर टू'ही लेवींचीच. मी माझगावच्या गोदीतून शिकून इकडे आलो तेव्हा यार्डात कुणी मला विचारलं, की तुमच्याकडे कुठल्या आल्या असल्या बोटी, की मी हे नाव सांगायचो. मला त्या माणसाचा आजही फार अभिमान वाटतो.

आता तुझ्या कामाचं. तुमच्याकडे जीपीएस आहे, आमच्याकडे होकायंत्र, स्टॉपवॉच आणि उशिरा उशिरा रेडिओ लहरींवरून जागा सांगणारं डेका आलं. पण बोट आपटायला लागली की स्क्रीनवरचे आकडे तुलाही धड वाचता येणार नाहीत, तेव्हा चार्ट डोक्यात असायला हवा. काउझहून निघालीस की नीडल्सच्या खाडीत उजव्या हाताला शिंगल्सचा गोट्यांचा दांडा. लाटा फुटताना दिसल्या नाहीत तरी तो तिथेच आहे असं धर. मग सेंट अल्बन्स हेड, आणि मग पोर्टलँड बिल. उधाणाच्या दिवशी तिथे पाण्याला सात नॉटपर्यंत (तासाला सात सागरी मैल) ओढ असते. वारा त्या ओढीच्या उलट असला तर लाटा उभ्या राहतात, दोन लाटांमधलं अंतरच संपतं, आणि थ्रॉटलवाल्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. आत टोकाला चिकटून जायचं की लांबून वळसा घ्यायचा, हे तू ठरवायचं, आणि आदल्या रात्री भरतीचं कोष्टक मांडून ठरवायचं. तिथे पोचल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

पोर्टलँड मागे पडलं की लाइम बे. बेरी हेडपर्यंत सुमारे ४० मैल पाणी, आणि धुरकट हवा असेल तर जमीन दिसतच नाही. ६० नॉटने ४० मिनिटं. साठास एकचा हिशेब तोंडपाठ ठेव: एक अंश चूक म्हणजे ६० मैलांवर एक मैल बाजूला. पाच अंश चुकलीस तर बेरी हेडपाशी तीन मैलांहून जास्त बाहेर असशील. ठोक्यांमुळे होकायंत्राची तबकडी सतत डोलत असते, म्हणून आकड्यावर नजर रोखू नकोस. डोलण्याचा मध्य पकड आणि त्यावर विश्वास ठेव. मला लाइम बे फार आवडायचा. चहूकडे पाणी, मागे दुसऱ्या बोटीचा तुरा, आणि समोर काही नसताना मी सांगितलेल्या रेषेवर दोन माणसं जीव लावून चाललेली. बेरी हेड धुक्यातून जिथे निघायला हवं तिथेच निघालं की जो आनंद व्हायचा, तो मला कुठल्या चषकाने दिला नाही. तुलाही तो मिळावा, म्हणून सीट घे म्हणतोय.

तू एकदा विचारलं होतंस, भीती वाटायची का. वाटायची. २३ ऑगस्ट १९८७, रविवार होता. नीडल्स ट्रॉफीच्या शर्यतीत, आइल ऑफ वाइटच्या जवळ, दिदिए पिरोनींची 'कोलिब्री' एका टँकरच्या मागच्या लाटेवरून उडाली आणि उलटली. तिघंही गेले: पिरोनी, बर्नार्ड जिरू, झाँ-क्लोद गेनार. पिरोनी फेरारीचे फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर. १९८२ च्या अपघातात पाय मोडले म्हणून ते बोटींकडे वळले होते. त्या दिवशी मी यार्डात होतो. बातमी आली आणि सगळ्यांनी हातातली कामं खाली ठेवली. पुढच्या जानेवारीत पिरोनींच्या जोडीदाराला जुळी मुलं झाली, नावं ठेवली जिल आणि दिदिए. जिल पुढे मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन संघात इंजिनिअर झाला. तीही १९८८ चीच मुलं, तुझ्याच वर्षाची. तुझा वाढदिवस आला की मला ती दोघं आठवतात.

मग ३ ऑक्टोबर १९९०. मोनॅकोजवळ जागतिक स्पर्धेत स्तेफानो कासिरागी गेले, अवघ्या तिशीत. आदल्या वर्षीचे जगज्जेते होते. बोट कॅटामरान, कॉकपिट उघडं. दोन तळांमधल्या बोगद्यात कोंडलेली हवा अशी बोट वर उचलते, म्हणून ती इतकी पळते, आणि नाळ जरा जास्त वर गेली की तीच हवा तिला पालथी करते. त्यानंतर नियम बदलले. बंद कॉकपिट आले, पट्टे आले. माणसं गेल्यावर का होईना, खेळ शहाणा झाला, आणि त्या शहाणपणाचा फायदा आता तुला आहे. तो पुरेपूर घे. उलटलेल्या कॉकपिटमधून पाण्याखाली बाहेर पडायचं प्रशिक्षण मन लावून कर, कागदावर शिक्का हवा म्हणून उरकू नकोस. डोळे मिटून बकल सुटलं पाहिजे, डाव्या हातानेही. हवेची बाटली कुठे आहे ते रोज हाताने चाचपून बघ.

फाबियो बुझ्झींचं तर तुला आठवत असेल. सप्टेंबर २०१९, मोंटे कार्लोहून व्हेनिसला विक्रमासाठी निघालेले. आयुष्य या खेळात गेलेला, बोटी आखणारा, इंजिनं जाणणारा माणूस, वय ७६. रात्रीच्या अंधारात व्हेनिसच्या तोंडाशी, अगदी पोचता पोचता, बोट दगडी बांधावर आदळली आणि तिघं गेले. हे नॅव्हिगेटरने विसरू नये. शेवटचे पाच मैल आले की बाकीचे दोघं मनाने पोचलेले असतात. तू पोचू नकोस.

मी थांबलो ते तुझ्या जन्मामुळे, असं तुझी आत्या सांगत असते. तसं नाही. मी पाठीमुळे थांबलो. कण्यातल्या दोन चकत्या झिजल्या होत्या, आणि डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून स्पष्ट सांगितलं. त्याच मोसमात आमचा थ्रॉटलवालाही निवृत्त झाला. दुसऱ्या कुणाच्या हाताशेजारी उभं राहायची मला इच्छाच नव्हती. तुझ्यामुळे मी काहीही सोडलं नाही, हे तुला ठाऊक असावं.

मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-वन या शर्यतमालिकेतल्या बोटींची शर्यत झाली तेव्हा काकाने व्हिडिओ पाठवले होते. सगळ्यांच्या बोटी एकसारख्या, मागे बाहेरून बसवलेलं एकच इंजिन, आउटबोर्ड. कठड्यावर बसून बघणारी माणसं पाहून मला भरून आलं. आजोबा असायला हवे होते.

तर तुला सीट देणाऱ्याला सांग, सही करण्याआधी मला एक दिवस पाण्यात न्या. आइल ऑफ वाइटच्या आतल्या सपाट सोलंटमध्ये नाही. पोर्टलँडच्या बाहेर, वारा ओढीच्या उलट असताना. थ्रॉटलवाल्याचा हात बघ. मूठ आवळलेली आहे की तळवा टेकलेला? तू "थांबा" म्हणालीस तर लगेच मागे येतो, की आधी ड्रायव्हरकडे बघतो? बोट आपटल्यावर तो लाटेला शिव्या देतो, की पुढच्या लाटेसाठी तयार असतो? परत आल्यावर गिअरबॉक्सवर हात ठेवून गरम किती झालाय ते स्वतः बघतो का? हे पटलं तर डोळे झाकून सही कर. नाही पटलं तर दुसरी बोट मिळेल, घाई नाही.

आईला तूच सांग, मी सांगणार नाही. पुढच्या रविवारी जेवायला येशील तेव्हा सांग. येताना त्यांचा चार्ट आण, लाइम बेची रेषा दोघं मिळून आखू.

तुझा
बाबा