मालदांडी ज्वारी कोण काढणार, हे विचारल्याबद्दल

ती. आजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहितोय, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. इंग्रजीत लिहायला तीनदा बसलो. तिन्ही वेळा 'थँक यू सो मच'च्या पुढं गाडी सरकेना, आणि तेवढं तर मी रोज बसच्या ड्रायव्हरलाही म्हणतो. तेव्हा आधी आपल्या माणसांसमोर मोकळा होतो, तुमच्यापुरतं नंतर बघू.

गेल्या महिन्यात तुमचं कार्ड आलं. गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून यंदा फुटबॉल सीझनची दोन्ही तिकिटं सोडली, असं तुम्ही दोन ओळींत लिहिलंत. १९६८ साली स्टेडियम उघडलं तेव्हापासूनची तिकिटं. पुढच्याच ओळीत पावसाचं, त्याच्या पुढं गव्हाच्या भावाचं. मी ते कार्ड हातात धरून गाडीतच बसून राहिलो. इतकी वर्षं झाली, अजून आभार मानायचे राहिलेत, हे त्या क्षणी नीट डोक्यात शिरलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मी परभणीहून ज्वारीवर पीएच.डी. करायला कॅन्सस स्टेट विद्यापीठात आलो. गावाचं नाव मॅनहॅटन. आमच्या गल्लीत आईनं पेढे वाटले तेव्हा सगळ्यांना वाटलं पोरगा न्यूयॉर्कला गेला. उंच इमारतींचे फोटो पाठव म्हणून चुलत्यांचे मेसेज. मी गोदामांचे फोटो पाठवले. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी या राज्यात पिकते आणि ती खातं कोण, तर गुरं. माणसांनी खायची गोष्ट म्हणून तिच्याकडं कोणी बघत नाही. परभणीच्या माणसाला हा पहिला धक्का.

दुसरा धक्का अमेरिकन फुटबॉलचा. नावात पाय, सगळा खेळ हातांनी, आणि दर दहा सेकंदांनी थांबायचं. मला त्यात काडीचा रस नव्हता. पण आमच्या लॅबमधला तंत्रज्ञ म्हणाला, "माझी एक लांबची आजी आहे, आजोबा गेल्यापासून तिच्या शेजारची जागा रिकामी असते. फुकट तिकीट आहे, जा." फुकट म्हटल्यावर मराठवाड्यातला विद्यार्थी कुठंही जातो.

असा मी तुमच्या शेजारी बाकावर येऊन बसलो. तुमच्या यजमानांच्या जागेवर, त्यांच्याच जांभळ्या, म्हणजे संघाच्या रंगाच्या, गादीवर.

तुम्ही मला खेळाचे नियम शिकवलेच नाहीत. तुम्ही माणसं शिकवलीत. मैदानाच्या कडेला जुनाट जाकीट घालून, हेडफोन लावून उभा असलेला तो बारीक अंगाचा म्हातारा, कोच बिल स्नायडर. तेव्हा वय ७७. त्याच वर्षी घशाच्या कॅन्सरचे उपचार घेऊन पुन्हा उभा राहिलेला. "त्याच्याकडं बघ, चेंडूकडं नको," तुम्ही म्हणालात. मग तुकड्यातुकड्यांत, दोन खेळींच्या मधल्या फुरसतीत, तुम्ही सगळं पुराण सांगितलंत.

१९८९ च्या आधी या विद्यापीठाचा संघ म्हणजे टिंगलीचा विषय. अव्वल गटात पाचशे सामने हरणारा देशातला पहिला संघ. १९८७ आणि १९८८ या दोन सीझनमध्ये मिळून एकही विजय नाही, एक बरोबरी तेवढी. एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकानं तर 'अपयशाचं विद्यापीठ' अशा अर्थाचा मथळा छापला. तरी तुम्ही दोघं दर शनिवारी यायचात. मी विचारलं, का? तुम्ही खांदे उडवलेत. नवसाला न पावणाऱ्या देवाच्या देवळातही माणसं जातातच की. आमच्याकडं अशी देवळं पुष्कळ आहेत.

मग आयोवाहून ४९ वर्षांचा सहायक कोच आला. अनेकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. ३० सप्टेंबर १९८९ ला नॉर्थ टेक्सासविरुद्ध अगदी शेवटच्या खेळीवर २०-१७ असा विजय मिळाला, जवळजवळ तीन वर्षांनी पहिला. पोरांनी मैदानात घुसून गोलचे खांब पाडले. त्या वर्षी अकरापैकी तोच एक सामना जिंकला, पण तुम्ही सांगायचात तो विश्वचषक जिंकल्याच्या थाटात. चार वर्षांनी संघ ॲरिझोनात टुसॉनला कॉपर बोल, म्हणजे सीझनअखेरचा निमंत्रितांचा सामना, खेळायला गेला तेव्हा मागं हजारो माणसं निघाली, कोणी विमानानं, कोणी गाडी हाकत. तुम्ही दोघंही गेलात. वाटेत कुठं थांबलात, कोणी कुणाला सँडविच दिलं, गाडी कुठं बंद पडली, हे तुम्ही जितक्या तपशिलात सांगितलंत तितकं ५२-१७ या स्कोअरबद्दल नाही. आमच्या आज्ज्या वारीहून आल्या की असंच सांगतात. पांडुरंगाचं दर्शन एका वाक्यात, बाकी सगळी वाट.

१९९८ चं मात्र नाव काढायचं नाही, असा नियम होता. अकराच्या अकरा सामने जिंकून संघ कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यात दुसऱ्या जादा डावात ३६-३३ असा हरला. मग मोठ्या बोल सामन्यांच्या आयोजकांनी त्यांच्याकडं पाठ फिरवली. मी एकदा चुकून विषय काढला, तर तुम्ही पर्समधून खोकल्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवलीत. तोंड बंद ठेवायची इतकी सभ्य खूण मी पाहिली नव्हती.

पण या माणसाबद्दल तुम्ही सगळ्यांत रंगून सांगायचात ते विजयांचं नव्हतं, जांभळ्या शाईचं होतं. कोच स्वतःच्या हातानं, जांभळ्या शाईत, चिठ्ठ्या लिहायचे. आपल्या खेळाडूंना, गावातल्या लोकांना, आणि विशेष म्हणजे समोरच्या संघातल्या पोरांना. ज्याला दुखापत झाली, ज्यानं यांनाच हरवलं, त्यालाही. दिवसातून एकदाच जेवायचं, मध्यरात्रीपर्यंत कामात, आणि त्यातून वेळ काढून या चिठ्ठ्या. २००५ मध्ये पहिल्यांदा निवृत्त झाले तेव्हा स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं, तर त्यात 'फॅमिली' हा शब्द त्यांनी आग्रहानं घालून घेतला. तीन सीझनांनी, वयाच्या सत्तरीला टेकताना, परत बोलावल्यावर परतही आले. मधल्या तीन वर्षांबद्दल तुम्ही फक्त भुवई उडवायचात.

मी एकदा विचारलं होतं, "तुमच्याकडं असेल ना त्यांची एखादी चिठ्ठी?" मला वाटलं होतं, फ्रेम करून दिवाणखान्यात लावली असेल. तुम्ही म्हणालात, "नाही, मला कधी आली नाही." त्यात तक्रार नव्हती. मग पर्स उघडून जांभळ्या शाईचं पेन दाखवलंत. १९९० च्या आसपास गावातल्या दुकानातून डझनानं घेतलेलं. "सगळ्यांना लिहायला एका माणसाला कसं पुरणार? मग थोडी मी लिहिते." जणू देवळात कोणीतरी झाडायला हवं, म्हणून तुम्ही झाडू उचललात.

आता त्या ऑक्टोबरचं.

२०१८ च्या ऑक्टोबरच्या शेवटी बाबा गेले. शेतातून आले, छातीत कळ म्हणाले, जिल्ह्याच्या ठिकाणी नेईपर्यंत संपलं. मला पोचायला दोन दिवस लागले असते, तिकिटाचे पैसे नव्हते, आणि आई फोनवर म्हणाली, "येऊन काय करणार, राख सावडून झालेली असेल. तिथंच राहा." मी तिथंच राहिलो. हा निर्णय बरोबर होता की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या आठवड्यात माझ्याशी कोण कसं वागलं, ते मी विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही. एका कचेरीत पुढच्या महिन्याचे पैसे उसने मिळतील का विचारायला गेलो, तर फॉर्म भरा, दहा दिवस लागतील. दुसऱ्या एका ठिकाणाहून 'शोक हाताळताना' अशा नावाच्या पानाची लिंक आली. खाली माझं नावही चुकलेलं. ज्यांच्या हाताखाली काम करत होतो ते म्हणाले, हवा तितका वेळ घे. आणि सोमवारी सकाळी आकडे कुठवर आले, म्हणून मेल. परक्यांचं सोडा. आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॐ शांतीची रांग लागली, मी मोजली, त्रेचाळीस. चव्वेचाळिसावा मेसेज, चकल्यांची ऑर्डर कोणाकडं द्यायची. दिवाळी आठवड्यावर होती, माणसांचा दोष तरी काय म्हणा. पण तो मेसेज मला अजून तोंडपाठ आहे.

आणि मग पोस्टाच्या पेटीत तुमचं कार्ड.

पांढरं, साधं, कडेला थोडं चुरगळलेलं. जांभळी शाई. अक्षर उजवीकडं कललेलं. सुरुवातीला बाबांबद्दल एक वाक्य, त्यात देव नाही, 'चांगल्या जागी' नाही, काही नाही. मग लगेच प्रश्न: यंदाची मालदांडी काढायला कोण आहे?

आजी, मालदांडी हा शब्द तुम्ही बरोबर लिहिला होता. एका अक्षराची चूक नाही. आदल्या वर्षी एका कंटाळवाण्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी तुम्हाला सांगितलं होतं, की बाबा रब्बीत मालदांडी लावतात, एम ३५-१ हे वाण, दाणा मोत्यासारखा, भाकरीला तिच्यासारखी दुसरी नाही. तुम्ही विचारलं होतं, कंबाइननं काढता का? मी म्हणालो, नाही, हातानं, मुळासकट उपटून; कंबर मोडते आणि आता माणसंच मिळत नाहीत. तुम्ही तेव्हा सामन्याच्या पुस्तिकेवर काहीतरी खरडलं होतंत. मला वाटलं, स्कोअर.

वर्षभर तुम्ही तो शब्द जपून ठेवलात.

बाबा गेले त्या आठवड्यात सगळे मला विचारत होते, तू ठीक आहेस ना? याला उत्तर नसतं. तुम्ही विचारलंत ते शेतकऱ्याच्या घरातली बाईच विचारू शकते, आणि आईच्या मनात त्या क्षणी तोच प्रश्न होता. तेरावाही झाला नव्हता आणि ती रात्री फोनवर हळूच म्हणायची, पेरलंय तर खरं, आता कसं? त्या साली मराठवाड्यात दुष्काळ. परतीचा पाऊस आलाच नाही, बाबांनी जमिनीत होती नव्हती त्या ओलीवर पेरलं होतं. मी तुमचं कार्ड आईला फोनवर भाषांतर करून वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बाईला सांग, धाकट्या चुलत्याची पोरं येणारेत." आणि मग रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं. मीही.

१७ नोव्हेंबरला टेक्सास टेकविरुद्धचा सामना. नाक गोठवणारी थंडी. मी येणार नव्हतो, पण तुम्हाला चुलत्याच्या पोरांची बातमी द्यायची बाकी होती. तुम्ही मिठी मारली नाहीत, डोळे पुसले नाहीत. बाकावरची गादी माझ्याकडं सरकवलीत आणि विचारलंत, "माणसं मिळाली?" मी म्हणालो, मिळाली. "छान," म्हणालात, आणि त्या जाकीटवाल्या म्हाताऱ्याकडं बघत राहिलात. आपण २१-६ नं जिंकलो. बँडनं ती आगगाडीची धून वाजवली. १९६८ च्या आगीत संगीत विभाग जळाला तेव्हा बँडमास्तरनं घरी नेली म्हणून वाचलेली, ही गोष्ट मी तुमच्याकडून सहा वेळा तरी ऐकली असेल. सगळं स्टेडियम पुढं-मागं झुलायला लागलं. मीही झुललो, बाबांना जाऊन महिनाही झालेला नसताना. घरी कुणाला सांगितलं नाही.

तो कोचचा तिथला शेवटचा सामना निघाला. दोन आठवड्यांनी, २ डिसेंबरला, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. मी तुम्हाला फोन केला, काहीतरी सांत्वनाचं बोलावं म्हणून. तुम्ही म्हणालात, त्यांना एक कार्ड लिहून टाकलंय, आणि तुझ्याकडं थंडी किती?

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. फेब्रुवारीत मालदांडी निघाली, जेमतेम, कणसं खुरटी. पण दुष्काळात कडब्याला दाण्याहून जास्त भाव, त्यावर आईचं वर्ष निघालं. मी तुम्हाला एकरी आकडे सांगितले, तुम्ही तुमच्याकडच्या ज्वारीचे सांगितलेत, आणि मग दोघंही थोडा वेळ गप्प. मग एका रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात मी तुमच्याच शेतातल्या ज्वारीची भाकरी थापली. दाणा लाल, पीठ कोरडं, भाकरी कडेनं तडकली, तव्यावर उलटताना तिचे दोन तुकडे झाले. परभणीत ही भाकरी कुत्र्यापुढं टाकली असती. तुम्ही तिला लोणी आणि चोकचेरी या रानफळाचा जॅम लावून खाल्लीत, वर दुसरी मागितलीत. साठ वर्षं जी चीज गुरांना घालत होतात, ती माणसाच्या ताटात पहिल्यांदा बघून तुम्ही इतक्या हसलात की बशी सांडली.

लोक म्हणतात, कोचनं संघ उभा केला. केला, बोर्डावर आकडे आहेत: २१५ विजय. पण मी त्या गावात सहा वर्षं राहिलो आणि माझ्या वाट्याला जे आलं ते बोर्डावर कुठं नाही. त्यांची एकही ओळ न मिळता तुम्ही त्यांचं पेन उचललंत. तुमच्यासारख्या आणखी किती बायका तिथं पर्समध्ये जांभळं पेन घेऊन हिंडतात, कोण जाणे. त्रेचाळीस ॐ शांतीवाल्यांतल्या एकाला तरी ते पेन मिळायला हवं होतं. असो. मीही त्यांच्यातलाच, दुसऱ्याच्या घरी कोणी गेलं की बोट आधी इमोजीवर जातं.

कालच मी दुकानातून जांभळं पेन आणलं. जेलचं मिळालं, कागदावर पसरतं.

बाकी क्षेम. पण तुमच्या कार्डात एक गोष्ट नव्हती, आणि ती मला झोपू देत नाही. सप्टेंबर लागला. पायऱ्या चढवत नाहीत, तर ट्रॅक्टरवरही चढवत नसणार. यंदा तुमचा गहू पेरायला कोण आहे?

उत्तर कार्डावरच पाठवा.

तुमचा,
शेजारच्या गादीवरचा परभणीकर