रबराच्या गासडीलाही सातबारा हवा

महोदय,

युरोपीय संघाच्या जंगलतोडमुक्त उत्पादनांच्या नियमाची अंमलबजावणी दुसऱ्यांदा पुढे ढकलली गेली, तेव्हापासून वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या परिसरात रबरी सुटे भाग बनवणाऱ्या अनेक लघुउद्योजकांनी हा विषय बासनात गुंडाळून ठेवला आहे. मी याच व्यवसायात असल्याने ही निश्चिंती मला जवळून दिसते आणि ती महागात पडेल असे वाटते, म्हणून हे पत्र.

२९ जून २०२३ रोजी अस्तित्वात आलेला हा नियम गुरे, कोको, कॉफी, पामतेल, सोयाबीन, लाकूड आणि नैसर्गिक रबर या सात जिनसांना व त्यांपासून बनलेल्या ठरावीक मालाला लागू आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीवरचा माल युरोपच्या बाजारात चालणार नाही आणि तो तसा नाही हे दाखवण्यासाठी ज्या तुकड्यावर तो पिकला त्याचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर सहा अंकांपर्यंत द्यावे लागतील. तुकडा चार हेक्टरांहून मोठा असेल तर एक बिंदू पुरत नाही, पूर्ण हद्द आखून द्यावी लागते. मोठ्या व मध्यम कंपन्यांसाठी आता ३० डिसेंबर २०२६ आणि सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ३० जून २०२७ ही मुदत आहे.

येथे पहिला गैरसमज होतो. ‘आपण लघुउद्योग, म्हणजे आपल्याला जून २०२७ पर्यंत सवड’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. परंतु ही सवलत युरोपच्या बाजारात माल उतरवणाऱ्याच्या आकारावर ठरते. आपला खरेदीदार मोठा असेल, आणि सुट्या भागांच्या व्यवहारात तो बहुधा मोठाच असतो, तर आपले शेड कितीही लहान असले तरी त्याला कागद डिसेंबरमध्येच लागणार आहेत.

दुसरा गैरसमज भारताला मिळालेल्या ‘कमी जोखीम’ या दर्जाबद्दल आहे. मे २०२५ मध्ये हा दर्जा मिळाला हे खरे, पण त्याने आयातदाराची जोखीम-तपासणी हलकी होते. अक्षांश-रेखांश गोळा करण्यातून त्याची सुटका होत नाही. शिवाय हा दर्जा रबर ज्या देशात पिकले त्या देशाचा आहे, कारखाना ज्या देशात आहे त्याचा नव्हे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे साडेआठ लाख टन नैसर्गिक रबर पिकले आणि खप चौदा लाख टनांच्या वर होता. उरलेले बाहेरून येते आणि त्यात इंडोनेशिया किंवा आयव्हरी कोस्टचे रबर असू शकते. हे दोन्ही देश ‘कमी जोखीम’ यादीत नाहीत. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालात ते किती मिसळले आहे हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

नियमाच्या कक्षेत नेमका कोणता माल येतो, याचीही छाननी हवी. टायर, ट्यूब, पट्टे, हातमोजे आणि व्हल्कनाइज्ड रबराच्या इतर वस्तू यादीत आहेत, मात्र त्यांत नैसर्गिक रबर असेल तरच. निव्वळ ईपीडीएम, नायट्राइल किंवा सिलिकॉन अशा कृत्रिम रबराचा ग्रोमेट (तारेभोवतीची रबरी कडी) कक्षेबाहेर राहतो. आपला बुश (धक्के शोषणारा रबरी भाग) मोटरसायकलीत बसून युरोपला गेला तर वाहन यादीत नसल्याने प्रश्न येत नाही. तोच बुश सुटा भाग म्हणून पाकिटात भरून रबरी वस्तूंच्या शीर्षकाखाली पाठवला की प्रश्न येतो. म्हणून प्रत्येक कारखान्याने सर्वप्रथम आपली फॉर्म्युलेशनची वही आणि निर्यातीचे एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचे क्रमांक) शेजारी ठेवून बसावे. ज्यांच्या मालात नैसर्गिक रबर नाही, त्यांची चिंता या एका बैठकीत मिटेल.

ज्यांच्या मालात ते आहे त्यांची अडचण मात्र खरी आहे. आपल्याकडे येणारे बहुतेक शीट रबर केरळचे आणि तेथील बागा सरासरी अर्ध्या हेक्टरच्या आसपास. हेक्टरी साधारण १४५० किलो उत्पादन धरले तर अशा शेतकऱ्याकडून महिन्याला जेमतेम ६० किलो रबर निघते. म्हणजे पाच टनांच्या एका मागणीमागे सुमारे ८० शेतकऱ्यांचा महिनाभराचा चीक असतो. यांपैकी बहुतेक बागा २०२० च्या कितीतरी आधीच्या आहेत, त्यामुळे जंगलतोडीचा आरोप त्यांच्यावर येण्याचे कारण नाही. उपग्रहाच्या चित्रात मात्र रबराची जुनी बाग जंगलासारखीच दिसते आणि त्यामुळे जागेवर जाऊन केलेली नोंद हाच आधार उरतो. हे काम केंद्र सरकारच्या रबर मंडळाने हाती घेतले असून, बागांचे भू-मापन आणि रबराचा उगम दाखवणारा, २०२५ मध्ये सुरू झालेला ‘आयएसएनआर’ हा मंच ही त्यातली मोठी पावले आहेत.

बागेपासून व्यापाऱ्यापर्यंतचा धागा अशा रीतीने जुळत आला आहे. तो तुटतो आपल्या शेडमध्ये. गासड्या ट्रकमधून उतरतात, गोदामात जुन्या मालावर रचल्या जातात आणि नीडर (रबर मिसळण्याचे यंत्र) चालवणारा हाताशी येईल ती गासडी फोडतो. बॅच कार्डावर तारीख, कंपाउंडचा (रबर व रसायनांच्या मिश्रणाचा) क्रमांक आणि कार्बन ब्लॅकचे वजन असते, रबराच्या लॉटची ओळ कोरी. त्याहून अवघड गोष्ट उरलेल्या कच्च्या कंपाउंडची. साच्यात माल दाबणाऱ्या प्रेसवरून परत आलेल्या पट्ट्या पुढच्या बॅचमध्ये घालणे ही आपली रोजची रीत आहे आणि त्यात गैर काही नाही. पण मागच्या महिन्याचे विनानोंद रबर याच वाटेने नोंद असलेल्या मालात शिरते. नियमानुसार ओळख नसलेला माल मिसळला की सगळा लॉट बाद. उलटपक्षी, नोंद असलेला माल नोंद असलेल्या मालात मिसळायला मुभा आहे, फक्त सगळ्या बागांची यादी जोडावी लागते. म्हणजे प्रत्येक शीट कोणत्या झाडाची हे शोधत बसण्याची गरज नाही. गोदामात दोन वेगळ्या थप्प्या, परतीच्या पट्ट्यांसाठी दोन वेगळे ट्रे आणि बॅच कार्डावर भरलेली एक ओळ, एवढ्यावर बरेचसे काम भागते.

हे सांगण्याचे कारण असे की, सध्या औद्योगिक वसाहतींतून ब्लॉकचेनच्या (बदलता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीच्या) नावाने सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या फेऱ्या वाढल्या आहेत. नीडरपाशी लॉट क्रमांक लिहिलाच गेला नाही, तर ती साखळी कितीही अभेद्य असली तरी तिच्यात चुकीची माहितीच अभेद्यपणे साठून राहील.

मराठवाड्याला ही पद्धत परकी नाही. युरोपात द्राक्षांमध्ये कीडनाशकांचे अंश सापडल्यानंतर कृषी निर्यातीसाठीच्या ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्था उभी केली आणि तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांच्या खोक्यावरून थेट बागेपर्यंत पोहोचता येते. २०२१ पासून आपला शेतकरी ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभा राहून अक्षांश-रेखांशासह पिकाचा फोटो काढतो आहे. रेंज मिळाली नाही तर वैतागतो, पण काढतो. ग्रेपनेट चालले याचे मुख्य कारण मला असे वाटते की नोंदवही एकच आणि सरकारी होती, प्रत्येक निर्यातदाराला आपापली उभी करावी लागली नाही. फरक इतकाच की द्राक्ष खोक्यातही द्राक्षच राहते, रबर मात्र मिसळण्याच्या मिलवर चढताच आपली ओळख गमावते, आणि म्हणून येथे कारखान्याच्या आतली नोंद बागेतल्या नोंदीइतकीच महत्त्वाची ठरते.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. स्वतःचे मिक्सिंग नसलेली अनेक युनिट्स पुण्या-मुंबईकडून तयार कंपाउंड आणतात. अशा कंपाउंडवाल्यांना रबराचा लॉट संदर्भ बिलावर देणे खरेदीच्या अटीतच घालावे. पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे आहेच आणि त्यात बॅचच्या नोंदीसाठी रकाना आधीपासून आहे, त्यामुळे नवे पोर्टल लागत नाही. ‘मासिआ’ आणि ‘सीएमआयए’ या मराठवाड्यातील उद्योजकांच्या संघटनांनी रबर मंडळाला येथे बोलावून युनिटनिहाय मार्गदर्शन घडवून आणावे. बॅच नोंदीचे साधे सामायिक सॉफ्टवेअर वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरसारख्या ठिकाणी ठेवले तर दहा-पंधरा कामगारांच्या कारखान्यालाही ते परवडेल.

मोठ्या खरेदीदार कंपन्यांनाही एक विनंती आहे. नियमभंगासाठीच्या दंडाची कमाल मर्यादा युरोपातील वार्षिक उलाढालीच्या ४ टक्क्यांहून कमी ठेवता येत नसल्याने त्यांची काळजी समजते. पण लांबलचक प्रश्नावली पाठवून ‘सर्व जबाबदारी पुरवठादाराची’ या ओळीखाली सही घेतल्याने माग निघत नाही. त्यापेक्षा नोंद असलेल्या रबराला किलोमागे जो थोडा जादा भाव पडेल, तो दरपत्रकात वेगळा मान्य करावा आणि तो चीक काढणाऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही हेही पाहावे.

राहिला वेळेचा प्रश्न. डिसेंबरअखेर युरोपच्या बंदरात उतरणारा माल नोव्हेंबरमध्ये जहाजावर चढलेला असतो, ऑक्टोबरमध्ये प्रेसवरून निघालेला असतो आणि त्याचे रबर श्रावण-भाद्रपदात विकत घेतलेले असते. केरळात पावसाळ्यात चीक काढणे मंदावते, तेव्हा त्या दिवसांत नोंद असलेला माल हवा त्या प्रमाणात मिळेलच असे नाही. संघटनांनी शिबिर घ्यायचे ठरवले तर ते मृगाच्या आधी घ्यावे. दिवाळीनंतर घेतलेल्या शिबिराचा या वर्षीच्या मालाला काहीही उपयोग होणार नाही.

आपला,
एक लघुउद्योजक,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर