सौर पॅनेल किती, हे एका महिन्याच्या बिलावरून ठरवू नये

महोदय,

घराच्या सौर पॅनेलसाठी अनुदान देणारी केंद्राची पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाल्यापासून सोलापुरात घरोघरी गच्चीवर सौर पॅनेल दिसू लागले आहेत आणि जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत तर गल्लीत एका घराने बसवले की शेजारी चौकशीला येतातच. ही गोष्ट मनापासून आनंदाची आहे. मात्र आपल्या घराला नेमकी किती पॅनेल लागतात, हा प्रश्न बहुतेक जण बसवून देणाऱ्यावर सोडून देतात. मीही तसेच केले आणि त्यात माझे पैसे व गच्चीची जागा दोन्ही अकारण गुंतून पडले. इतरांचे तसे होऊ नये म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे पाहणीसाठी माणूस आला तो मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी. त्याने हाती असलेले शेवटचे बिल मागितले. ते उन्हाळ्याचे, म्हणजे कूलर दिवसरात्र चालू असतानाचे, 310 युनिटांचे होते. एका किलोवॅटला महिन्याला साधारण 120 युनिटे या हिशेबाने त्याने अडीच किलोवॅटच्या पुढचा आकडा काढला, 78,000 रुपयांचे अनुदान तीन किलोवॅटला मिळते म्हणून तो तीनवर नेला आणि 540 वॅटची सहा पॅनेल लिहून दिली. गच्ची त्याने फिरून पाहिली, पण टाकीची सावली त्याला कुठे दिसली नाही, कारण त्या दिवसांत ती दिसणारच नव्हती. सोलापूर 17.7 उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, त्यामुळे मे महिन्याच्या त्याच आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते.

डिसेंबरमध्ये चित्र पालटले. त्या महिन्यात मध्यान्हीचा सूर्यसुद्धा क्षितिजापासून सुमारे 49 अंशच वर चढतो. जिन्याच्या खोलीवर ठेवलेल्या आमच्या टाकीचा माथा गच्चीपासून 12 फुटांवर आहे. तिची सावली दुपारी सुमारे 10 फूट उत्तरेकडे पडते आणि सकाळी नऊच्या सुमारास वायव्येकडे 20 फुटांहून लांब जाते. आमची दोन पॅनेल नेमकी त्या पट्ट्यात आहेत. पॅनेल एकामागून एक साखळीने जोडलेली असल्यामुळे एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी नुकसान तेवढ्या कोपऱ्यापुरते राहत नाही, त्या साखळीतून मिळणारी वीज घटते. विचारणा केली तेव्हा, ‘हिवाळ्यात कमीच येते’, एवढेच उत्तर मिळाले.

मग मी स्वतः हिशेब मांडला, तो येथे देतो. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वीज वापर छापलेला असतो. त्यावरून आमची बारा महिन्यांची बेरीज 2,640 युनिटे, म्हणजे महिन्याची सरासरी 220 निघाली. नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि जाळ्याला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये, एका महिन्याची शिल्लक युनिटे आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढच्या महिन्यांत वळती होत असल्याने विचार सरासरीचा करायचा, सर्वांत मोठ्या बिलाचा नाही. आपल्या भागात एक किलोवॅट क्षमतेपासून दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात असे धरतात. 220 ला 120 ने भागले की 1.83 किलोवॅट, आणि त्याला पॅनेलच्या 0.54 किलोवॅटने भागले की 3.4, म्हणजे चार पॅनेल. सोलापूरची धूळ आणि ऊन लक्षात घेऊन चारऐवजी साडेतीनच युनिटे धरली, तरी चार पॅनेलांची 2.16 किलोवॅट क्षमता वर्षाला सुमारे 2,760 युनिटे देते. आमची गरज त्यात पूर्ण भागली असती आणि चारही पॅनेल गच्चीच्या सावली नसलेल्या बाजूला नीट मावली असती. एक पॅनेल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते, त्यामुळे फिरायला व धुवायला वाट सोडूनही एका किलोवॅटला 100 चौरस फूट मोकळी जागा पुरते.

उन्हाचा उल्लेख केला तो मुद्दाम. सोलापूरचे ऊन कडक, म्हणून मे महिन्यात पॅनेल सर्वाधिक जोरात चालत असतील, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पॅनेलवर लिहिलेले वॅट हे त्यातील सेलचे तापमान 25 अंश असतानाचे असतात आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के क्षमता घटते. भर उन्हात पॅनेल 60 अंशांपर्यंत तापले की 12 ते 14 टक्के घट तिथेच होते. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल एवढी उंची ठेवून घ्यावी. धुण्याचे काम सकाळी लवकर करावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, आणि बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर काच लगेच पुसून घ्यावी, नाहीतर पांढरे डाग धरतात.

अनुदानाचा आकडा पाहून संख्या वाढवण्याचा मोह टाळणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये मिळतात, तिसऱ्याला 18,000 आणि त्यापुढे काहीच नाही. म्हणजे गरज नसताना घेतलेल्या तिसऱ्या किलोवॅटचा बराचसा खर्च आपल्याच खिशातून जातो. त्यातून तयार झालेली जादा वीज वर्षअखेरीस घेतली जाते खरी, पण तो दर आपण वीज विकत घेतो त्या दराहून बराच कमी असतो. शिवाय बिल शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

गरज पुढे खरोखर वाढणार असेल तर ती आजच हिशेबात धरणे योग्यच आहे. दीड टनाचा एसी ताशी साधारण एक युनिट घेतो आणि विजेवरच्या स्कूटरची बॅटरी एकदा पूर्ण भरायला तीन-साडेतीन युनिटे लागतात. काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी वर चढवणारी एक अश्वशक्तीची मोटर मात्र ताशी पाऊण ते एक युनिट घेत असली तरी थोडाच वेळ चालते, तिच्यासाठी पॅनेल वाढवण्याचे कारण नाही. पूर्व भागात खाली माग आणि वर घर असलेल्या कुटुंबांनी मागाच्या मीटरची युनिटे घराच्या हिशेबात मिळवू नयेत, कारण हे अनुदान घरगुती जोडणीसाठीच आहे. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. बॅटरी नसलेली, महावितरणच्या जाळ्याला जोडलेली यंत्रणा वीज गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होते, पॅनेल चार असोत की दहा.

माझी संबंधितांना विनंती आहे की पॅनेल बसवणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाला कोटेशनवर तीन गोष्टी लेखी देणे बंधनकारक करावे: ग्राहकाचा मागील बारा महिन्यांचा एकूण वापर, डिसेंबरमध्ये पॅनेलांच्या जागेवर सावली किती वेळ राहील याची नोंद आणि वर्षाला अपेक्षित असलेली युनिटे. ही तरतूद होईपर्यंत वाचकांनी बिलावरची बेरीज घरीच करावी. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन टाकीच्या, जिन्याच्या खोलीच्या व शेजारच्या इमारतीच्या सावलीची कड खडूने आखून घ्यावी. डिसेंबर हुकला तर जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास येणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही सूर्य जवळपास तितकाच खाली असतो. मी आता तशा रेघा आखल्या आहेत आणि सावलीतली दोन पॅनेल काढून रेघेबाहेर हलवण्याचा खर्च किती येईल, याची चौकशी करीत आहे.

आपला,
एक नियमित वाचक
जुळे सोलापूर